ज्वारीच्या रानातली डच

लग्न होऊन मी मुरूमजवळच्या या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की या घरात सुनेचा आवाज स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. कुणी तसं तोंडानं सांगितलं नाही. माझ्या हातून भांडं पडलं की सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, भांड्याकडं बघायच्या आधी बाहेरच्या बैठकीकडं बघायच्या. बैठकीत सासरे बसलेले असायचे. त्यांना मी मामा म्हणते, पण तेही आत्यांशी बोलताना. थेट त्यांच्याशी पहिल्या दोन वर्षांत माझी वीस वाक्यं झाली नसतील. चहा हवा का, हे मी आत्यांना विचारायचं, आत्यांनी त्यांना विचारायचं, त्यांनी आत्यांना सांगायचं. मधे अंतर किती, तर एक पडदा. माहेरी माझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून आई कपाळाला हात लावायची, आणि इथं मी गपगुमान झाले. बी. ए. होऊन गप बसायला शिकले म्हणा ना.

आमचे हे हॉलंडमध्ये. दहा वर्षांपूर्वी एका कारखान्यात यंत्रं जोडायला गेले आणि तिथलेच झाले, पासपोर्टसुद्धा तिथला घेतला. त्यामुळं बायकोला न्यायचं तर नियम असा, की तिनं आधी मुंबईत त्यांच्या वकिलातीत डच भाषेची परीक्षा द्यायची. वाचायचं, तिथल्या राहणीबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि बोलायचं. तिन्हींत पास, तर व्हिसा. नाहीतर बसा भाकरी थापत. लग्नानंतर हे इथं वीस दिवस होते, पुढच्या वर्षी पंधरा दिवस आले. एवढाच माझा संसार. बाकी सगळा फोनवर.

पुण्याच्या एक बाई आठवड्यातून दोनदा फोनवर शिकवायच्या. मी आधी आपल्या शाळेत शिकतात तसंच शिकले. वही केली, डावीकडं डच, उजवीकडं मराठी. शंभर प्रश्न आणि शंभर उत्तरं पाढ्यासारखी घोकली. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मीठ, साखर, हरभऱ्याची डाळ. एक चिठ्ठी आत्यांना भाकरीच्या पिठात सापडली आणि तो उद्योग तिथंच संपला. मग बाई म्हणाल्या, वहीतून नका शिकू, हातातल्या कामातून शिका. तांदूळ धुताना तांदळाचं वाक्य म्हणायचं, पाणी भरताना पाण्याचं. सुटा शब्द पाठ करायचा नाही, अख्खं वाक्य उचलायचं. मधे मराठीला आणायचंच नाही. मी तसं करायला लागले. ‘इक कोक रैस्ट’, मी भात शिजवते. महिनाभरात तांदूळ बघितले की मला आधी रैस्ट आठवायला लागलं, तांदूळ मागून.

त्यांचा एक ‘ख’ आहे, नरड्याच्या पार तळातून येणारा. तो काही केल्या जमेना. मग एकदा मुरूमच्या बाजारात बांगडीवाल्या खालांकडं बांगड्या भरायला बसले. त्यांनी ‘खैर, जाने दो’ म्हटलं आणि मी हात तसाच पुढं धरून ऐकत राहिले. तोच ‘ख’ होता. तेव्हापासून दर बाजारी काहीतरी निमित्त काढून मी खालांना बोलतं करायची. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भरले, पण ‘खूदेमोर्खन’, म्हणजे त्यांचा सकाळचा नमस्कार, मला अस्सल यायला लागला.

आणि हे सगळं मी कुजबुजत केलं. चुलीपुढं, मोरीत, कपडे वाळत घालताना, सगळीकडं ओठांतल्या ओठांत. फोनवर बाई सारख्या म्हणायच्या, तुमचा आवाज येत नाही. मी म्हणायची, रेंज नाही हो बाई. त्याही म्हणायच्या, खेड्यात असंच असतं. आठ महिने आम्ही दोघींनी मिळून गावाच्या रेंजला शिव्या घातल्या.

दिवाळीच्या आधी पहिली परीक्षा दिली. निकाल थंडीत आला. वाचन पास, राहणी पास, बोलणं नापास. मला खरंच वाटेना. एकूण एक प्रश्नाचं उत्तर मी दिलं होतं. यांना फोन करून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “अजून एकदा दे. या वेळी नाही झालं, तर बसून विचार करू.”

विचार करू. कशाचा विचार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण आमच्याकडं बसून विचार करतात तो दोनच गोष्टींचा, वाटणीचा आणि सोडचिठ्ठीचा. भावकीतल्या एक काकू आत्यांजवळ येऊन बोलून गेल्या, दोन वर्षं झाली, ना नवरा ना लेकरू, पोरगी कशाला अडकवून ठेवली? माझ्या काळजीनं नव्हत्या बोलत. त्यांच्या बहिणीची मुलगी लग्नाची होती, हे गावाला माहीत होतं. माहेरून आईचा फोन यायचा आणि ती नुसती हुंदके द्यायची. माझं जेवण तुटलं. रात्रंदिवस तेच एक वाक्य डोक्यात, विचार करू, विचार करू. मी आणखी शंभर प्रश्न पाठ केले. दुसरं काय करणार?

बाईंनी एक गोष्ट सांगितली ती मात्र कामाची निघाली. म्हणाल्या, परीक्षेत देता तशीच दहा उत्तरं फोनवर रेकॉर्ड करा, आणि मला पाठवायच्या आधी स्वतः ऐका. मी चुलीजवळ फोन ठेवून उत्तरं दिली. मग मोरीत जाऊन फोन कानाला लावला. त्यात कुकरची शिट्टी होती. पंख्याची घरघर होती. गोठ्यातल्या म्हशीची साखळी वाजत होती. आत्यांचा खोकला होता, बैठकीत मामांनी पेपरचं पान उलटलं तेसुद्धा होतं. सगळं घर ऐकू येत होतं. मी तेवढी नव्हते.

रेंजला उगाच शिव्या घातल्या होत्या. आठ महिने मी एक परकी भाषा मुक्यानं शिकले होते. मला इतका संताप आला, की हातातला तांब्या आपटावा वाटला. तोही मी आपटला नाही, कारण आवाज झाला असता.

लगेच चुलीपुढं येऊन मोठ्यानं बोलून बघितलं. पहिलं वाक्य निम्मं गेलं आणि पडद्यापलीकडं मामा खाकरले. ते त्यांचं रोजचं खाकरणं, माझ्याशी त्याचा काही संबंध नाही. पण माझ्या घशात वाक्य मेलं ते मेलंच. तीन दिवस प्रयत्न केला. घसा माझा होता, पण हुकूम दुसऱ्याचाच ऐकत होता. दुसरी परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती.

त्याच दिवसांत आमच्या रानातली ज्वारी हुरड्यातून पुढं सरकून दाण्यात आली. दाणा भरला की भोरड्यांची पाखरं येतात. हजारांनी येतात आणि बघता बघता कणसं मोकळी करतात. म्हणून रानात मधोमध चार लाकडांवर माळा बांधतात, त्यावर माणूस उभं राहतं, दिवसभर ओरडतं, गोफण फिरवतं. दरवर्षी राखणीला येणारी बाई त्या साली लेकीच्या बाळंतपणाला वाशीकडं गेली. मामा स्वतः माळ्यावर चढले आणि दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसले. आत्या म्हणाल्या, आता गं? आणि मी म्हणून गेले, मी जाते. का म्हणाले, माहीत नाही. घरातून बाहेर पडायचं होतं, एवढंच खरं.

पहिल्या दिवशी माळ्यावर उभी राहिले. डोक्यावर पदर, हातात वाजवायला पत्र्याचा डबा. भोरड्यांचा थवा आला. मी ओरडले. काय ओरडले, मांजरीचं पिल्लू बरं. पाखरं निवांत बसून दाणे टिपत राहिली. मामा लांब बांधावर बोरीखाली बसले होते. आत्या जवळ नव्हत्या, निरोप द्यायला मधे कुणीच नव्हतं. तेव्हा तिथूनच त्यांनी माझ्याशी बोलायला तोंड उघडलं.

“आवाज न्हाय आला,” ते म्हणाले. “नरड्यातनं नगं काढू. पोटातनं काढ.”

दुपारपर्यंत माझा आवाज फुटला. संध्याकाळी घरी आले तेव्हा घसा बसला होता आणि छाती हलकी झाली होती. चौथ्या दिवशी मामा खताचं बघायला गेले होते, रानात मी एकटीच. थवा उतरताना दिसला आणि माझ्या तोंडून हा-हो निघायच्या ऐवजी निघालं, खूदेमोर्खन! सगळा थवा उठला. मग मी थांबलेच नाही. माझं नाव अमुक आहे. मी भात शिजवते. मला दोन भाऊ आहेत. होती नव्हती ती सगळी वाक्यं त्या भोरड्यांच्या अंगावर फेकली.

गावात बोभाटा व्हायला किती वेळ लागतो? वाटेनं जाणाऱ्या बायांना वाटलं, मी कन्नडमध्ये कुणाला तरी शिव्या देतेय. दुसऱ्या दिवशी त्याच काकू आत्यांना सांगायला आल्या, की सुनेच्या अंगात येतंय, तुळजापूरला घेऊन जा. आत्या घाबरल्या. रात्री जेवताना त्यांनी मामांना सांगितलं, बास झालं, उद्यापासून तिला पाठवू नका, लोक हसायला लागले. मी पडद्याआड भाकरी थापत होते. हात थांबला. इथं माझा आवाज बंद झाला, तर पुन्हा कुठंच निघणार नव्हता.

मामांनी घास संपवला, पाणी प्यायले. मग आत्यांनाच म्हणाले, “तिला सांग, उद्या येताना ती वही घेऊन ये म्हणावं.”

दुसऱ्या दिवसापासून मामा बांधावर माझी वही घेऊन बसायला लागले. मराठी बाजू त्यांना वाचता यायची. ते तिथून मराठीत प्रश्न ओरडायचे आणि मी माळ्यावरून डचमध्ये उत्तर ओरडायची. आठवडाभर मला वाटलं, मी फारच हुशार. मग त्यांनी प्रश्न उलटेपालटे विचारायला सुरुवात केली आणि माझी बोबडी वळली. पाढ्यासारखं पाठ केलेलं, क्रम तुटला की मी ठप्प. बे साते किती विचारलं की बे एके बे पासून सुरू करणाऱ्या पोरासारखी माझी गत. मला राग यायचा. एकदा मी वरून म्हणाले, तुम्हाला डच कळत नाही, माझं चुकलं हे तुम्हाला कसं कळतं?

“मला काय कळत न्हाय,” मामा म्हणाले. “पर तू अडकली ते कळतं.”

मला नंतर कितीतरी पुस्तकं मिळाली, भाषा कशी शिकावी यावरची. या वाक्याच्या जवळ जाणारं त्यात काही नव्हतं. मी अडकले की मामा तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा, भलत्याच वेळी विचारायचे. मी पाणी पिताना. माळ्यावरून उतरताना. गोफणीत दगड घालताना. त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न होता, तुम्ही कुठं राहता? डचमध्ये तो ‘वार वोन्ट यू?’ असा. मी प्रश्नही म्हणायची आणि उत्तरही, मी भारतात राहते, एका खेड्यात राहते. आवाज जरा खाली आला की बांधावरून यायचंच, आवाज न्हाय आला. घरी परतलो की आम्ही पुन्हा मुके. चहाचं आत्यांमार्फतच.

एका संध्याकाळी मोरीत हातपाय धुताना आत्यांचं बोलणं कानावर आलं. त्यांचे गुडघे गेलेले, मामांचा खांदा तसा. त्या विचारत होत्या, ती गेल्यावर आपलं कसं व्हायचं? मी पाणी ओतायचं थांबवलं. मामा म्हणाले, ते मागनं बघू. सकाळी वही काखेत मारून माझ्या आधी रानात हजर.

परीक्षेला मामाच मला मुंबईला घेऊन गेले. त्यांना आत सोडलं नाही, ते रस्त्यापलीकडं सावलीत थांबले. मला एका खोलीत बसवलं, कानाला यंत्र, तोंडापुढं माइक. पडद्यावर प्रश्न येणार, कानात ऐकू येणार, मग ठराविक वेळात बोलायचं. सगळं पहिल्यासारखंच. माझ्या मागं खुर्चीवर देखरेखीला एक गृहस्थ येऊन बसले. पिकलेले केस, मामांच्या वयाचे. बसताना ते खाकरले.

झालं. माझा हात आपोआप डोक्याकडं गेला, पदर सावरायला. अंगात पंजाबी ड्रेस होता, पदर कुठला? पहिला प्रश्न आला. मी उत्तर दिलं आणि माझं मलाच ऐकू आलं नाही. दुसरा आला, तोही असाच गेला. ‘बसून विचार करू’ हे वाक्य कानात त्या यंत्राहून मोठ्यानं वाजायला लागलं. अजून दोन असेच गेले असते, तर मी उठून बाहेर गेले असते, हे खरं सांगते.

तिसरा प्रश्न होता, तुम्ही कुठं राहता?

मी डोळे मिटले. समोर ज्वारी धरली, वर थवा धरला, पार लांब बांधावर बोरीखाली मामांची पांढरी टोपी धरली. आणि पोटातून उत्तर दिलं. शेजारच्या मुलीनं दचकून माझ्याकडं बघितलं. मागचे गृहस्थ उठून जवळ आले. वाटलं, आता बाहेर काढतात. त्यांनी काही न बोलता माझा माइक चार बोटं लांब सरकवला आणि परत जाऊन बसले. पुढची सगळी उत्तरं मी भोरड्यांना दिली.

बाहेर आल्यावर मामांनी काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही. दोन उत्तरं वाया गेली हे मला माहीत होतं, आणि ती दोन माझा संसार बुडवायला पुरेशी आहेत का, हे माहीत नव्हतं. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. यांचा फोन यायचा, आम्ही हवापाण्याचं बोलायचो. हेही निकालाचं नाव काढायचे नाहीत. ज्वारी काढून झाली, मळणी झाली, रान उघडं पडलं. माळा तेवढा उभा होता, मोडायला कुणाला सवड नव्हती.

बोलण्यापुरती रेंज घरातही होती, पण नेट खरोखरच चालतं ते माळ्यावर. घरात फोनवर नुसतं कळलं, की निकालाचं पत्र मेलवर आलंय, पण ते उघडेना. मी चप्पल न घालता रानात पळाले. मामा बांधाजवळ कडब्याच्या पेंढ्या बांधत होते. मी त्यांच्यासमोरून, डोक्यावर पदर नसताना, तशीच माळ्यावर चढले. पत्र उघडलं. तीनदा वाचलं. डचमध्ये होतं, आणि मला ते मधे मराठी न आणता कळलं.

“काय झालं?” मामा खालून ओरडले.

“पास झाले, मामा,” मी ओरडले. गोठ्यापर्यंत गेला असेल तो आवाज.

मामा हातातली पेंढी घेऊन उभेच राहिले. ती त्यांनी खाली ठेवली नाही, बांधलीही नाही. मला वाटलं, खांदा दुखत असेल. मग त्यांनी तोंड वर केलं. आजवर त्यांनी सगळे प्रश्न मराठीतच विचारले होते. या वेळी ते तिथून, आमच्या त्या ‘ख’वाल्या भाषेत, मोडकंतोडकं, पण पोटातून ओरडले, “वार वोन्ट यू?”

तुम्ही कुठं राहता? हजार वेळा दिलेलं उत्तर होतं. भारतात राहते, एका खेड्यात राहते. मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मी ओठांतल्या ओठांत, चुलीपुढं म्हणायची तसं, ते उत्तर म्हणाले.

बांधावरून मामा म्हणाले, “आवाज न्हाय आला.”